अर्धा इंच जास्तीचा

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की यवतमाळ जिल्ह्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत एक वस्तू पुन्हा पुन्हा काउंटरवर येऊन पडते : झटका मशीन. शेताभोवतीच्या तारेला क्षणभराचा विजेचा धक्का देणारा हा प्लास्टिकचा डबा. आतला बोर्ड जळालेला असतो. बदली बोर्ड मिळतो, पण तो दुसऱ्या बनावटीचा, आणि जुन्या डब्यात बसत नाही. अर्ध्या इंचानं मोठा भरतो. नवा डबा घ्यायचा तर पैसे आणि दिवस दोन्ही जातात, आणि तिकडे रानडुकरं आज रात्रीच शेतात उतरणार असतात. मेकॅनिक बोर्ड उजेडाकडे धरतो. तांब्याच्या रेषा कुठून कुठे गेल्यात ते पाहतो. कोणती कड मोकळी आहे ते हेरतो, पट्टी लावून रेघ मारतो आणि ड्रॉवरमधून हेक्साचं ब्लेड काढतो.

पाच-दहा मिनिटांचं हे काम. त्याचे वेगळे पैसे बहुधा कोणी मागत नाही आणि कोणी देतही नाही. पण या जिल्ह्यात इलेक्ट्रॉनिक्स कसं आलं आणि कसं रुजलं, हे समजून घ्यायचं असेल तर या रेघेपासून सुरुवात करावी लागते. यवतमाळचं नाव कापसासाठी घेतलं जातं, वणीचं कोळशासाठी. सर्किट बोर्ड तयार करणाऱ्या मोठ्या कारखान्यांच्या नकाशावर हा जिल्हा कधीच नव्हता. इथे आले ते दुसऱ्या कोणासाठी, दुसऱ्या कुठल्या तरी मापाने बनलेले बोर्ड. ते इथल्या डब्यात, इथल्या विजेवर, इथल्या धुळीत चालते करण्याची विद्या मात्र इथल्या माणसांनी स्वतःच्या हातानं कमावली.

सुरुवातीला कापायला बोर्डच नव्हता. १६ जुलै १९४८ रोजी ऑल इंडिया रेडिओचं नागपूर केंद्र सुरू झालं. त्या वेळी यवतमाळ मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि नागपूर ही प्रांताची राजधानी होती. वऱ्हाडातल्या श्रोत्याला आपल्या बोलीजवळचा आवाज ऐकवणारं हे केंद्र. पण तो आवाज ऐकायला घरात जो रेडिओ लागे तो लाकडी पेटीएवढा, वाल्व्हचा. त्याची मागची झडप काढली की आत पत्र्याची चासी दिसे. वर काचेचे वाल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर, खाली तारांचं जाळं. रेझिस्टन्स, कंडेन्सर सगळे एकमेकांना किंवा छोट्या टॅगपट्टीला थेट डाग देऊन जोडलेले. 'डाग देणे' हा शब्द मुळात तांबट-कासारांच्या कामातला. भांड्याला डाग देणाऱ्याचा शब्द रेडिओवाल्यानं उचलला तो अजून सोडलेला नाही. सोल्डरिंग म्हणणारे आहेतच, पण 'त्या पायाला एक डाग दे' हे वाक्य आजही दुकानात ऐकू येतं.

ज्या गावात वीज नाही तिथला रेडिओ बॅटरीवर चाले. त्याला एक नव्हे, दोन प्रकारचा दाब लागे : वाल्व्हची तार तापवायला दीड व्होल्टच्या आसपास आणि वाल्व्हमधून प्रवाह खेचायला नव्वद व्होल्टच्या आसपास. ती बॅटरी महाग आणि जड. त्यातून पोस्टात दरवर्षी पैसे भरून परवाना काढायचा. रेडिओ चावडीवर किंवा जिनवाल्याच्या घरी असायचा, आणि बाकीचं गाव ओट्यावर बसून ऐकायचं, याचं कारण एवढंच होतं.

अशा रेडिओची दुरुस्ती म्हणजे पत्र्याचं काम आणि तारेचं काम. चासीला भोक पाडायचं, कानस मारायची, तार सोलायची. लोहाराच्या भात्याशी आणि तांबटाच्या कथलाशी या धंद्याचं नातं तेव्हा उघड दिसत होतं.

हे तारांचं जाळं सपाट करून एका फळीवर छापून टाकण्याची कल्पना ज्याच्या नावावर आहे तो पॉल आयस्लर हा माणूस व्हिएन्नाचा, जन्म १९०७ चा, धर्मानं ज्यू. युरोपात दिवस फिरले तेव्हा, १९३६ साली, तो इंग्लंडला आला. तारांच्या जागी तांब्याचा पातळ पत्रा एका विद्युतरोधक फळीवर चिकटवायचा, हवी ती रेषा शाईनं झाकायची आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं, ही त्याची युक्ती. तिला आधार मिळाला तोही लंडनच्या एका छपाईच्या कंपनीचा. मराठी वाचकाला यातलं मर्म चटकन कळेल, कारण वर्तमानपत्रांचे चित्रांचे ब्लॉक अनेक वर्षं याच रीतीनं बनत होते : जस्ताच्या पत्र्यावर हवा तो भाग झाकायचा आणि बाकीचा आम्लाला खाऊ द्यायचा. म्हणून त्याचं नाव 'प्रिंटेड सर्किट', छापील मंडल. सुरुवातीला एका बड्या कंपनीनं आयस्लरला नकार दिला. तारा जोडण्याचं काम मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि हवं तसं कामही करून देतात, असं कारण त्याला मिळालं होतं. १९४३ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. युद्धात अमेरिकनांनी तोफगोळ्याच्या स्फोटक फ्यूजमध्ये छापील मंडलं वापरली आणि मग जगाला त्याची किंमत कळली.

त्याच काळात इंग्लंडमध्येच जॉन सारग्रोव्ह या अभियंत्यानं आणखी एक धाडसी प्रयोग केला. बेकलाइटच्या फळीवर साच्यातच खाचा पाडायच्या, त्यावर वितळलेलं जस्त फवारायचं, मग वरचा थर खरडून काढायचा. खाचांत उरलेलं जस्त हीच वायरिंग. हे सगळं यंत्र आपोआप करी. १९४७ साली उभं राहिलेलं हे यंत्र दोन वाल्व्हचा स्वस्त रेडिओ बनवी, आणि असा रेडिओ भारतासारख्या देशांतल्या गरीब गिऱ्हाइकापर्यंत पोचावा हा त्यामागचा बेत होता. तो बेत तडीस गेला नाही, कंपनी बंद पडली. वऱ्हाडातल्या ओट्यावर सारग्रोव्हचा रेडिओ वाजला असता तर इथल्या मेकॅनिकची पहिली ओळख बोर्डाशी दहा-पंधरा वर्षं आधी झाली असती.

ती ओळख झाली ट्रान्झिस्टरमुळे. १९५४ मध्ये अमेरिकेत 'रीजन्सी टीआर-१' हा खिशातला रेडिओ बाजारात आला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते आणि ते एका छापील बोर्डावर बसवलेले होते. पुढच्याच वर्षी जपानी कंपनीचा, पुढे सोनी म्हणून जगाला माहीत झालेला, टीआर-५५ आला. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओ भारतातल्या खेड्यांत पोचला. नव्वद व्होल्टची बॅटरी गेली, टॉर्चचे सेल पुरे झाले. कापूस वेचणीच्या वावरात बांधावर ठेवता येईल, बंडीच्या दांड्याला अडकवता येईल असा हा रेडिओ. तो बिघडला आणि उघडला गेला तेव्हा पत्र्याच्या चासीवर हात बसलेल्या मेकॅनिकला आत तपकिरी रंगाची एक पातळ पाटी दिसली. तिच्या एका बाजूला सुटे भाग, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या वळणदार रेषा.

त्या तपकिरी पाटीचं कूळ बेकलाइटचं. बेल्जियममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या लिओ बेकलंड यांनी १९०७ साली फिनॉलपासून हे राळेसारखं द्रव्य बनवलं. त्यात कागदाचे थर भिजवून, गरम दाबाखाली घट्ट केले की 'पेपर फिनॉलिक' शीट तयार होते. हैदराबादला बनणाऱ्या शीटचं 'हायलम' हे छापाचं नाव, आणि ते इतकं रूढ झालं की इलेक्ट्रिशियनपासून मोटर रिवाइंडिंगवाल्यापर्यंत सगळे कोणत्याही तपकिरी शीटला हायलमच म्हणतात. नंतर आली ती हिरवट, अर्धपारदर्शक शीट. तिच्यात कागदाऐवजी काचेच्या धाग्याचं विणलेलं कापड आणि फिनॉलऐवजी इपॉक्सी. दुकानातलं तिचं नाव 'ग्लास इपॉक्सी', किंवा नुसतं 'ग्लास'. दोन्हींची नेहमीची जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. वरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तिसावा भाग.

कापताना या दोन पाट्या वेगळ्या वागतात, आणि कारागिराचं कसब कळतं ते इथेच.

हायलम ठिसूळ असते. थंडीच्या सकाळी जोर लावला तर रेघ सोडून भलतीकडेच तडकते. म्हणून ती कापायच्या आधी थोडी कोमट केलेली बरी. सरळ काप हवा असेल तर करवत लावायचीच गरज नसते. हेक्साचं तुटकं ब्लेड दगडावर घासून त्याचं टोक आकडीसारखं करतात. स्टीलची पट्टी धरून त्या टोकानं दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा रेघ ओढली की खाच पडते. मग पाटी टेबलाच्या कडेवर, खाच बरोबर कडेला येईल अशी ठेवायची, वर लाकडी पट्टी दाबायची आणि बाहेरचा भाग एका झटक्यात खाली मोडायचा. 'कट' असा कोरडा आवाज येतो. आवाज दबका आला तर समजायचं, चीर आतल्या बाजूला गेली. नंतर कानस. ती नेहमी तांब्याच्या बाजूकडून आत मारायची, उलट मारली तर तांबं उचकटून वर येतं. फिनॉलचा किंचित औषधी वास हाताला संध्याकाळपर्यंत राहतो.

ग्लास मोडत नाही, तिला ब्लेडच लागतं. आणि ब्लेडचे दात मोजावे लागतात. बाजारात हेक्साची ब्लेडं एका इंचाला १८, २४ आणि ३२ दातांची मिळतात. १८ दातांच्या ब्लेडमध्ये दोन दातांत सुमारे १.४ मिलिमीटरचं अंतर असतं. १.६ मिलिमीटरच्या पाटीवर एका वेळी जेमतेम एकच दात टेकतो, तो अडकतो, आणि पाटीची कड उडते. ३२ दातांचं अंतर ०.८ मिलिमीटर, म्हणजे दोन दात कायम पाटीवर असतात आणि काप गुळगुळीत होतो. ब्लेड तिरपं धरलं तर आणखी दोन-तीन दात कामाला लागतात. पुस्तकातलं हे गणित दुकानात शिकणाऱ्या मुलाला कोणी सांगत नाही. त्याला फक्त 'बारीक दाताचं घे अन् आडवं धर' एवढंच सांगितलं जातं, आणि ते गणिताइतकंच अचूक असतं. १९५० पासून सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून जी आयटीआय उभी राहिली तिथे मात्र कुठल्याही ट्रेडच्या पोराच्या हाती पहिल्यांदा कानस आणि हेक्सा येत असे. रेडिओ मेकॅनिक व्हायला आलेला मुलगा आधी लोखंड घासत बसे आणि वैतागे. पुढे बोर्ड कापायची वेळ आली की ते घासणं कामी येई.

सुटे भाग आणि कोऱ्या पाट्या यायच्या त्या बाहेरून. महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सची मोठी कामं मुंबई-पुण्याकडे वाढली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २,७०० वाल्व्हचा 'टिफ्रॅक' संगणक उभा राहिला, तो १९६० मध्ये रीतसर चालू झाला. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातून १९६७ मध्ये हैदराबादची ईसीआयएल ही सरकारी कंपनी निघाली. १९७३ मध्ये अंधेरीला सीप्झ हे निर्यातीसाठीचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, भोसरीत इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत झाली. हे सारं यवतमाळपासून शेकडो किलोमीटरवर. सामानासाठी जवळचं मोठं शहर नागपूर, तेही सुमारे दीडशे किलोमीटर. दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी नागपूरला जाऊन सामान आणायचा, आणि जे नागपुरात नाही ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून कोणाच्या तरी हाती मागवायचा. एक पाटी आणली की ती पुरवून वापरायची. मोठ्या शीटमधून शिंप्यासारखे तुकडे बेतायचे आणि उरलेल्या चिंधीतून एखाद्या बॅटरी चार्जरचा बोर्ड निघतो का ते पाहायचं.

इथे मदतीला आली ती भोकांची पाटी. इंग्लंडमधल्या व्हेरो कंपनीनं १९६० च्या आसपास बाजारात आणलेल्या बोर्डावर समान अंतरानं भोकं पाडलेली होती आणि तांब्याच्या समांतर पट्ट्या होत्या. कोणताही नकाशा न छापता, पट्टी हवी तिथे तोडून, हवं ते सर्किट जोडता येई. साठच्या दशकात आयसी आली, तिच्या पायांमधलं अंतर एक दशांश इंच ठरलं, आणि त्याच अंतराच्या भोकांची ही पाटी देशोदेशीच्या हौशी माणसांची पाटी झाली. आपल्याकडे तिला कोणी 'जनरल पर्पज' म्हणतं, कोणी 'डॉट बोर्ड', कोणी 'झिरो पीसीबी'. ती कापायला सर्वांत सोपी, कारण भोकांची रांग हीच तयार खाच. रांगेवरून मोडली की कड दातेरी निघते, ती कानशीनं साफ करायची. एक रांग वाया जाते, हा हिशेब आधीच धरायचा.

दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकातली सर्किटं अशा पाटीवर उतरवत किती तरी मुलं शिकली. पद्धतशीर शिकू इच्छिणाऱ्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सीईडीटी या केंद्रात वॉल्टर बोशार्ट यांनी लिहिलेलं प्रिंटेड सर्किट बोर्डावरचं इंग्रजी पुस्तक ऐंशीच्या दशकात मिळू लागलं. स्विस मदतीनं उभ्या राहिलेल्या केंद्रातला हा ग्रंथ भारतातल्या छोट्या बोर्ड उत्पादकाच्या अडचणी समोर ठेवून लिहिलेला आहे. मराठीत त्या तोडीचं पुस्तक त्या काळी आलं असतं तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या पॉलिटेक्निकमधल्या पोरांचे पुष्कळ कष्ट वाचले असते.

मग दूरदर्शन. १९८२ च्या आशियाई खेळांनंतर आणि १९८४-८५ मधल्या प्रक्षेपकांच्या झपाट्यानंतर टीव्ही जिल्ह्याजिल्ह्यांत शिरला. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' लागे, आणि त्या वेळी टीव्ही बंद पडला तर मेकॅनिकला घरातून उचलून आणलं जाई. वीज नसलेल्या गावात १४ इंची कृष्णधवल पोर्टेबल सेट ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चाले. धंद्याचे हे सुगीचे दिवस.

खरी कापाकापी सुरू झाली ती त्यानंतर, चिनी बोर्ड आले तेव्हा. जुन्या भारतीय बनावटीच्या रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब धडधाकट असे, पण बोर्डाचे सुटे भाग मिळेनात. बाजारात 'चायना किट' मिळू लागलं : रिमोटसकट सगळं एकाच बोर्डावर, स्वस्त, आणि चौदापासून एकवीस इंचापर्यंतच्या कोणत्याही ट्यूबला चालणारं. चालेल खरं, पण बसेल कसं? जुन्या कॅबिनेटमध्ये बोर्ड सरकवायच्या खाचा ठरावीक रुंदीच्या. किट कधी लांब, कधी रुंद. कधी कॅबिनेटचा खांब आड येई.

कुठे कापायचं हे ठरवण्यात मेकॅनिकची सारी समज पणाला लागे. कारखान्यात बोर्ड यंत्राच्या रुळांवरून सरकतो, त्यासाठी दोन्ही कडांना कोरी पट्टी सोडलेली असते. ती पट्टी गेली तरी सर्किटाचं काही बिघडत नाही. पण टीव्हीच्या बोर्डाचा एक भाग घरातल्या विजेशी थेट जोडलेला असतो आणि दुसरा भाग तिच्यापासून तोडलेला. दोघांच्या मध्ये पाटीवर पांढरी रेघ छापलेली असते, आणि ती ओलांडून जातात ते ट्रान्सफॉर्मर, ऑप्टोकपलर असे मोजकेच भाग. या रेघेजवळची मोकळी जागा दिसायला रिकामी, पण तीच घरच्यांचा जीव राखते. तिथे स्क्रू मारणारा किंवा विजेशी जोडलेल्या भागाची कड कापून ती अँटेनाच्या पत्र्याजवळ नेणारा माणूस टीव्ही चालू करून देईल, पण अँटेनाच्या वायरीला हात लावणाऱ्याला धक्का बसेल. चांगला मेकॅनिक त्या बाजूला ब्लेड नेतच नसे. अशा वेळी तो बोर्डाऐवजी कॅबिनेटचा खांब कापे. जाणत्याची पारख या निवडीवरून होई, आणि ज्या गावात असा माणूस होता त्या गावाचं भाग्य.

पिक्चर ट्यूबचा जमाना गेला. बोर्ड कापणं मात्र थांबलं नाही, कारण दरम्यान जंगल आणि शेत यांच्यातला तंटा वाढला होता. केळापूर-घाटंजीकडे टिपेश्वर, उमरखेडकडे पैनगंगा अशी अभयारण्यं या जिल्ह्यात आहेत. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, मात्र अभयारण्याच्या हद्दीत थोडेच राहतात. एका रात्रीत एकरभर हरभरा साफ होतो. पूर्वी माणसं माचाणावर बसून जागल करत, डबे वाजवत. रात्रभर जागून दिवसा राबणं किती दिवस जमणार? आणि अंधारात वाघाची, सापाची भीती वेगळी.

या त्रासावर तोडगा म्हणून आलं ते विजेचं कुंपण. त्याच्या इतिहासाचा एक धागा न्यूझीलंडला जातो. वायकाटो भागातले शेतकरी बिल गॅलाघर यांचा घोडा त्यांच्या मोटारीला अंग घासून तिची नासधूस करी. त्याला आवरायला त्यांनी १९३०च्या दशकात मोटारीला विजेचा झटका देणारी सोय केली आणि त्यातून पुढे कुंपणाचा धंदा उभा राहिला. १९६२ च्या सुमारास त्याच देशातल्या डग फिलिप्स यांनी कपॅसिटरवर आधारलेली मांडणी आणली, आणि गवत-वेली तारेला चिकटल्या तरी दूरवर झटका पोचू लागला. आज विदर्भातल्या बांधावर जो डबा दिसतो त्याच्या पोटात हीच मांडणी असते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब आधी काहीशे व्होल्टपर्यंत वाढवायचा, त्यानं एक कपॅसिटर भरायचा, आणि सेकंदा-सव्वासेकंदाला एससीआर नावाचा झटपट स्विच चालू करून तो सारा भार एका ट्रान्सफॉर्मरमधून तारेत सोडायचा. टकटक चालवायला पुष्कळदा १९७२ साली आलेली '५५५' ही आयसी. तारेवर हजारो व्होल्ट येतात, पण क्षणाच्या अगदी छोट्या अंशापुरते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार दोन झटक्यांत निदान एक सेकंदाचं अंतर हवं, आणि ५०० ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा ५ ज्यूलच्या वर जाता कामा नये. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही.

घरातली वीज थेट तारेत सोडणं ही मात्र वेगळीच गोष्ट आहे. त्यात विश्रांतीचा क्षण नसतो, पकडलेला हात सुटत नाही. त्यानं रानडुकरं मरतात, वाघ मरतात आणि शेतात पाणी द्यायला गेलेली माणसं मरतात. तो गुन्हा आहे. म्हणून झटका मशीन वेळेवर दुरुस्त होणं ही गावाच्या सुरक्षेची बाब ठरते. मशीन आठ दिवस दुकानात पडून राहिलं तर अडलेला शेतकरी रात्री काय करील, ही धास्ती दुकानातल्या माणसालाही असते. जंगलालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी राज्याच्या जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं हे खरं, पण डबा जळाल्यावर तो त्याच आठवड्यात दुरुस्त करून देणारा माणूस लागतोच.

इथे बोर्ड कापण्याचा नियम टीव्हीपेक्षा कडक. हजारो व्होल्ट जिथून बाहेर पडतात त्या टोकाची कड कापायची नाही, तिथे जागा जितकी जास्त तितकी बरी. हायलममध्ये कागद आहे, तो दमट हवेत ओल धरतो. कापलेली कड उघडी राहिली तर ओल आत शिरते, त्यावर धूळ बसते, आणि एखाद्या रात्री ठिणगी पाटीवरूनच वाट काढते. त्या वाटेवर काळी रेघ उमटते. मेकॅनिकांच्या भाषेत, 'कार्बन पकडला.' एकदा कार्बन पकडला की ती जागा वीजवाहक झाली. ती खरवडून काढावी लागते, नाही तर तिथे करवतीनं आरपार खाच पाडावी लागते, म्हणजे दोन टोकांमध्ये हवाच राहील. हीदेखील कापण्याचीच एक रीत : आकार कमी करायला नव्हे, ठिणगीची वाट तोडायला. कापलेल्या कडेला वार्निशचा हात देणारा मेकॅनिक या धंद्यातला जाणता समजावा.

कारखान्यांनी कापण्याचं काम आता बोर्ड बनवतानाच सोपं करून ठेवलं आहे. एका मोठ्या पाटीवर वीस-पंचवीस बोर्ड शेजारी शेजारी छापतात, मध्ये दोन्ही बाजूंनी इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडतात, सुटे भाग बसवून झाले की चॉकलेटच्या वडीसारखे मोडून वेगळे करतात. हायलमवर तुटक्या ब्लेडनं रेघ ओढणाऱ्या माणसाची आणि या यंत्राची युक्ती एकच.

पण मोबाइलमधला बोर्ड कोणी कापू शकत नाही. त्यात तांब्याचे आठ-दहा थर एकावर एक असतात. कड कापली तर आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात, आणि बाहेरून ते दिसतही नाही. एलईडी टीव्हीचे 'युनिव्हर्सल' बोर्ड, पंपाचे ऑटो स्टार्टर, बॅटरीवरचे फवारणी पंप, सोलरचे चार्जर यांत अजून साधे एक-दोन थरांचे बोर्ड आहेत. ब्लेडची जागा तिथे टिकून आहे, तीही दर वर्षी थोडी आखडते आहे.

या कामाची एक बाजू फार दुर्लक्षित राहिली. ग्लास इपॉक्सी कापताना उडणारी पांढरी भुकटी म्हणजे काचेच्या धाग्यांची बारीक पूड आहे. ती कातडीला खाजवते, डोळ्यांत जाते आणि श्वासाबरोबर छातीत उतरते. बंद खोलीत, पंख्याखाली, तोंडाला काही न बांधता ती वर्षानुवर्षं हुंगलेली माणसं जिल्ह्याच्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत. पाटी आणि ब्लेड पाण्यानं ओलं करून कापलं तर भुकटी उडत नाही, खाली चिखल होऊन बसते, तो ओल्या फडक्यानं पुसून घेता येतो. आयटीआयच्या निदेशकांनी हे पहिल्याच दिवशी शिकवावं आणि दुकानदारानं शिकाऊ पोराला साधा रुमाल नव्हे, नीट मास्क द्यावा.

आणि एक विनंती वाचकांना. आपल्या तालुक्यात रेडिओच्या चासीपासून झटका मशीनच्या बोर्डापर्यंत सगळं हातानं केलेली म्हातारी माणसं अजून आहेत. दारव्ह्यात, पुसदला, वणीत, पांढरकवड्यात त्यांची दुकानं होती, काही अजून उघडतात. त्यांच्याकडे तुटक्या ब्लेडची हत्यारं, वहीत काढलेली सर्किटं, पहिल्या किटचे उरलेले तुकडे पडून आहेत. घर आवरताना ते भंगारात जाण्याआधी एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेनं किंवा कॉलेजच्या इतिहास विभागानं मागून घ्यावेत, त्या माणसासमोर बसून प्रत्येक वस्तूचं नाव आणि उपयोग लिहून घ्यावा, आणि त्या कागदावर त्याचं नाव घालावं.